'राहून गेलं' हे तुम्ही पाच वेळा लिहिलंय

ताई, माझं वय 43. दर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी वहीचं एक पान काढून संकल्प लिहिते. गेल्या वर्षी नऊ होते. रोज चालणं, महिन्याला एक पुस्तक, मोबाइल कमी, मुलावर न ओरडणं, असे. चालणं सोळा दिवस झालं, मग ऑफिसात कामाचा ढीग पडला आणि ते राहून गेलं. पुस्तकाची चाळीस पानं झाली, पुढचं राहून गेलं. धाकट्या बहिणीशी दर रविवारी निवांत बोलायचं ठरवलं होतं, तेही राहून गेलं. आता तीच मेसेज करते, 'बरी आहेस ना?' दाताच्या डॉक्टरकडे जायचं राहून गेलं. घरात कुणाचं काही अडलं नाही, माझं मात्र सगळं राहून गेलं. यंदा मैत्रीण म्हणाली, संकल्प सोड, वर्षासाठी एकच शब्द निवड. मी तीन काढलेत: शिस्त, सकारात्मकता, समतोल. नवरा विचारतो, एका शब्दाने काय होणार? मलाही शंका येते, ही संकल्पातून सुटायची पळवाट तर नाही? शब्द निवडायचा कसा, आणि निवडून त्याचं करायचं काय?
– एक आरंभशूर

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि एकाच ओळखीच्या बोलाखाली पाच रेघा पडल्या. राहून गेलं. 'सोडून दिलं' असं तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही. 'कंटाळा आला' असंही नाही. राहून गेलं म्हणजे करायचं होतं, मनात होतं, पण दुसरं काहीतरी पुढे आलं आणि हे मागे पडलं. म्हणून पत्राखालची तुमची सही मला मान्य नाही. आरंभशूर माणसाचा उत्साह ओसरला की तो नव्या खेळण्याकडे वळतो. तुम्ही प्रत्येक वेळी कुणाच्या तरी कामाकडे वळलात. हा फरक मोठा आहे, आणि तुमचा शब्द त्यातच कुठेतरी आहे असं मला वाटतं. त्याच्याकडे येतेच.

आधी पळवाटेचं बघू. संकल्प मोडणाऱ्यांत तुम्ही एकट्या नाही. जॉन नॉरक्रॉस या मानसशास्त्रज्ञाने नववर्षाच्या संकल्पांचा बरीच वर्षं पाठपुरावा केला. 1980च्या दशकात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने 200 जणांना दोन वर्षं वेळोवेळी विचारलं. पहिल्या आठवड्यानंतर 77 टक्के लोक संकल्पाला धरून होते, दोन वर्षांनी 19 टक्के. एवढंच वाचलं तर कुणीही म्हणेल, मग संकल्प करायचेच कशाला! पण त्याच नॉरक्रॉसचा 2002चा अभ्यास वेगळंच सांगतो. त्यात संकल्प करणारे एका बाजूला होते, आणि तसाच बदल हवा असलेले पण संकल्प न केलेले दुसऱ्या बाजूला. सहा महिन्यांनी पहिल्यांतले 46 टक्के टिकून होते, दुसऱ्यांतले फक्त 4 टक्के. म्हणजे ठरवण्यात ताकद आहे. शब्द निवडणं म्हणजे ठरवणं टाळणं असेल तर ती पळवाटच, आणि तिच्यावरून मी तुम्हाला जाऊ देणार नाही.

पण एकदम नऊ संकल्प, हे ठरवणं नव्हे. तो स्वतःवर ठेवलेला आरोपांचा कागद झाला. रोज चालत नाही, वाचत नाही, मुलावर ओरडते, मोबाइल पाहते. प्रत्येक ओळ म्हणते, तुझ्यात हे कमी आहे. जेनेट पॉलिव्ही आणि पीटर हर्मन या मानसशास्त्रज्ञांनी या चक्राला खोट्या आशेचं चक्र म्हटलंय. बदल लवकर होईल, सोपा असेल आणि त्याने आयुष्यच पालटेल, अशा अपेक्षेने माणूस सुरुवात करतो. तसं होत नाही. मग तो म्हणतो, मीच कमी पडलो, पुढच्या वेळी जास्त जोर लावीन. आणि पुढच्या वेळी तेच पान, तीच यादी. तुमच्या वहीत असं प्रत्येक डिसेंबरचं पान असेल, तर ती पानं शेजारी शेजारी ठेवून बघा. किती ओळी दर वर्षी त्याच आहेत?

शब्दाचं काम निराळं. संकल्प रात्री विचारतो, केलंस का? उत्तर हो किंवा नाही, आणि तोवर दिवस संपलेला असतो. शब्द विचारतो तो मधल्या क्षणी, हात कशाला तरी घालायच्या आधी. संकल्प म्हणजे पोहोचायचं ठिकाण, शब्द म्हणजे दिशा. स्टीव्हन हेज या मानसशास्त्रज्ञाने विकसित केलेल्या 'स्वीकार आणि बांधिलकी' या मानसोपचारपद्धतीत हाच भेद शिकवतात: ध्येय गाठता येतं आणि संपतं, मूल्याकडे मात्र चालत राहायचं असतं. पूर्वेकडे निघालेला माणूस कधी 'पूर्वेला पोहोचलो' म्हणत नाही. वाट चुकला तर जिथे असेल तिथून पुन्हा पूर्वेकडे तोंड करतो.

आणि एक. आपल्या भाषेत शब्द देतात, शब्द पाळतात, शब्द मोडतात, शब्द फिरवतात. हा त्यातला शब्द नाही. तो कुणाला द्यायचा नाही, त्यामुळे तो मोडतही नाही. नुसता जवळ ठेवायचा. सोळाव्या दिवशी संकल्प मोडला की मोडलाच. शब्द सतराव्या दिवशी तेवढाच कामाचा राहतो.

आता तुमचे तीन शब्द. रागावू नका, पण तिन्ही नको.

शिस्त हा शब्द तुमच्यापाशी आहेच. घर, नोकरी, मुलाची शाळा, कुणाचंही काही अडू न देता वर्ष पार पाडलंत, हे बेशिस्त माणसाला जमत नाही. तुम्ही शिस्त निवडलीत कारण वर्षअखेरीस स्वतःला फटकारण्याची सवय झाली आहे. छडी घेऊन उभ्या असलेल्या शब्दाला माणूस चार दिवस घाबरतो, मग त्याच्यापासून तोंड लपवतो.

सकारात्मकता तर अजिबात नको. बहिणीशी बोलणं तुटत चाललंय याचं तुम्हाला वाईट वाटतंय, आणि ते वाटायलाच हवं. त्या वाईट वाटण्यानेच तुम्हाला हे पत्र लिहायला लावलं. वाईट वाटलं की ते झाकायला सांगणारा शब्द वर्षभर उशाशी घेऊन झोपू नये, एवढं मी ठामपणे सांगते.

समतोल मी स्वतः निवडून पाहिलाय, म्हणून त्याच्याविषयी जरा जास्त सांगते. शब्द सुरेख होता, टेबलासमोर सुंदर अक्षरात लावला होता. मार्च उजाडेपर्यंत मला तो दिसेनासा झाला. कागद तिथेच होता, नजर त्याच्यावरून घसरायची. नंतर विचार केला तेव्हा कारण कळलं. दिवसातल्या कुठल्याही एका क्षणी समतोल मला काही सांगत नव्हता. संध्याकाळी साडेसहाला कुणी नवं काम पुढ्यात टाकलं, तर समतोल काय म्हणेल? घे म्हणेल की नको म्हणेल? दोन्हीकडून त्याला बोलवता येतं. जो शब्द दोन्ही बाजूंनी साक्ष देतो, तो ऐन वेळी गप्प बसतो.

त्यानंतर मी शब्द कालच्या दिवसावर घासून पाहायला लागले. तुम्हीही तसंच करा. आज रात्री कालचा दिवस आठवा, डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत. ठरवलेला चांगला दिवस नाही, घडलेला काल. कुणाचा फोन आला, काय अर्धवट टाकलंत, कुठे आवाज चढला, कुठे 'असू दे, मी करते' म्हणालात. मग मनातला शब्द त्या दिवसावर ठेवा आणि बघा, त्याने कुठे काही वेगळं घडवलं असतं? दोन-तीन जागी घडवलं असतं तर तो शब्द तुमचा. एकाही जागी नाही, तर तो शोभेचा. आणि प्रत्येक जागी बसतोय असं वाटलं तर तो इतका सैल आहे की कुठेच घट्ट बसणार नाही.

या परीक्षेत भारदस्त शब्द फारसे टिकत नाहीत, हा माझा अनुभव. समृद्धी, संतुलन, परिवर्तन. भाषणात छान, हातात मात्र धरता येत नाहीत. टिकतात ते साधे, रोज तोंडात असणारे: ऐक, थांब, माग, सांग, नीट, सावकाश, पुरे. मराठीची इथे मोठीच मदत आहे. क्रियापदाचा नुसता धातू घेतला की आज्ञा होते, आणि तीही 'तू'ची. ऐक म्हटलं की कुणीतरी जवळच्या माणसाने हलकेच दंडाला हात लावून सांगितल्यासारखं वाटतं.

ऐक हा माझा एका वर्षाचा शब्द होता. मला समोरच्याचं वाक्य पूर्ण करून द्यायची सवय होती. मला चटकन समजतं, म्हणून करते, अशी माझी समजूत. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची. एका संध्याकाळी ती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली, चौकटीच्या निघालेल्या रंगाचा पोपडा नखाने सोलत, आणि म्हणाली, "आई, उद्या मी शाळेत…" पुढचं माझ्या जिभेवर तयार होतं: चाचणी आहे ना, अभ्यास झाला नाही, म्हणून जायचं नाही. तेवढ्यात शब्द आठवला. मी गप्प बसले. ती पण गप्प. पोपडा सुटून खाली पडला, तिने दुसरा धरला. किती वेळ गेला सांगता येत नाही, मला तो फार लांब वाटला. मग ती म्हणाली, "उद्या शाळेत मी कुणाजवळ बसू?" महिनाभर तिच्याशी वर्गात कुणी बोलत नव्हतं. चाचणीचा काही संबंध नव्हता. त्या महिन्यात ती आधीही कितीदा त्या दारात येऊन उभी राहिली असेल, आणि मी तिचं वाक्य परस्पर पूर्ण करून तिला परत पाठवलं असेल, हे आठवलं की आजही पोटात तुटतं.

'मुलांशी जास्त संवाद साधीन' असा संकल्प मी केला असता, तर त्यासाठी रविवारी दुपारी एक तास काढला असता. आणि ती आली गुरुवारी संध्याकाळी, मला काम असताना.

तुमच्या यजमानांचा प्रश्न खरा आहे. एका शब्दाने आपोआप काही होत नाही. त्याला क्षण बांधून द्यावा लागतो. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलेली गोष्ट इथे उपयोगी पडते: 'मी अमुक करीन' एवढं ठरवण्यापेक्षा 'जेव्हा अमुक होईल तेव्हा मी तमुक करीन' असं ठरवलं तर माणूस ते बरंच जास्त पाळतो. 2006 मध्ये त्याने आणि पास्कल शीरनने अशा 94 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा हा परिणाम चांगला ठळक दिसला. कारण सोपं आहे. ऐन वेळी आठवण करून द्यायचं काम मनावर राहत नाही, प्रसंगच आठवण करून देतो. माझ्या ऐकसाठी मी एवढंच बांधलं होतं: कुणी बोलता बोलता अडखळलं की मी ओठ मिटून एक श्वास घेईन.

मग तुमचा शब्द कोणता? तो मी देऊ नये, परक्याने दिलेला शब्द फार दिवस टिकत नाही. पण तुमच्याच पत्रातून मला जे ऐकू आलं ते सांगते, पटलं तर घ्या. पाच वेळा राहून गेलं. जे राहिलं ते दर वेळी तुमचं: तुमचं चालणं, तुमचं पुस्तक, तुमची बहीण, तुमचा दात. रांगेत इतर सगळे पुढे, तुम्ही शेवटी, आणि तुमचा नंबर येईपर्यंत दिवस संपलेला. अशा माणसाला आणखी नऊ कामं नकोत. रांगेतली जागा बदलून हवी. म्हणून मला सुचला तो शब्द 'आधी'.

आधी. किती साधा आहे बघा, व्याकरणात तर नुसतं क्रियाविशेषण. पण तो कालच्या दिवसावर घासा. सकाळी हातात मोबाइल येतो: आधी काय? ऑफिसातून परतल्यावर पिशवी ठेवायच्या आत कामं दिसायला लागतात: आधी काय? रविवारी कपाटाची आवराआवर आणि बहीण दोन्ही मनात आहेत: आधी काय? दर वेळी उत्तर 'मी' असेल असं नाही. कधी मुलगाच आधी असेल, आणि तसंच असायला हवं. पण प्रश्न विचारला जाईल, न विचारता तुम्ही शेवटी ढकलल्या जाणार नाही. क्षण बांधायचा तर असा बांधता येईल: रविवारी अंथरुणातून उठून बसले की, कुठल्याही कामाला हात लावायच्या आधी, बहिणीला फोन. एवढा एकच. पहिले दोन महिने दुसरा नको.

'मुलावर न ओरडणं' या ओळीला इथे जरा थांबवते. स्वीडनमध्ये 1066 लोकांच्या संकल्पांचा वर्षभर अभ्यास झाला, तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. 'हे करीन' अशा धाटणीचे संकल्प करणाऱ्यांपैकी 58.9 टक्क्यांनी वर्षअखेर आपण यशस्वी झालो असं सांगितलं. 'हे टाळीन' म्हणणाऱ्यांत ते प्रमाण 47.1 टक्के होतं. न करण्याची गोष्ट हातात धरता येत नाही, तिच्या जागी काहीतरी करायला लागतं. ओरडायच्या आधी त्याच्या खोलीपर्यंत चालत जायचं, लांबून हाक मारायची नाही. बघा, इथेही आधी चालतो. पण हे नंतर, घाई नको.

विसरायला होईल. शब्द आठवडा-आठवडा आठवणार नाही, आणि मग एकदम आठवेल तेव्हा ओशाळायला होईल. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना एकेक छोटी सवय लावून घ्यायला सांगितलं होतं. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा 66 होता, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त, पण कुणाला 18 पुरतील तर कुणाला 254 लागतील, इतका फरक होता. मधे एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. सोळा दिवसांवर तुम्ही स्वतःचा निकाल लावून मोकळ्या झालात. तुमच्यासाठी ते कदाचित पहिलं पाऊलही नसेल. शब्द लिहिलेला कागद मात्र दर महिन्याला जागा बदलून लावा, माझ्यासारखं करू नका. आणि तो गावभर सांगत सुटू नका, एकाच माणसाला सांगा, जो टोमणा न मारता कधीतरी विचारील.

1 जानेवारीचा धाकही नको. ती तारीख रोमन राज्यकारभारातून आलेली आहे. ख्रिस्तपूर्व 153 पासून तिथले कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेले सर्वोच्च अधिकारी, त्या दिवशी पदभार घ्यायचे. नव्या सुरुवातीची उभारी देणारे दिवस वर्षात पुष्कळ असतात. हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं की आठवड्याची, महिन्याची सुरुवात आणि वाढदिवसानंतरचे दिवसही माणसाला तशीच उभारी देतात. शब्द सापडायला पंधरा दिवस लागले तर लागू देत. तो खिशात ठेवून आठ-दहा दिवस हिंडा, टोचला तर बदला.

दोन गोष्टी मात्र शब्दावर सोपवू नका. एक, दात. त्याला शब्द नको, वेळ ठरवायला हवी. उद्या फोन करून तारीख घ्या. औषधं, तपासण्या, कर्जाचा हप्ता, व्यसन सोडणं, या ठिकाणी तारीख, आकडा आणि गरज पडेल तिथे डॉक्टर हवा. तिथे गुळगुळीत शब्द काढून बसणं धोक्याचं आहे.

दुसरी गोष्ट जरा अवघड. 'घरात कुणाचं काही अडलं नाही' हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. ते न अडण्यासाठी किती तास लागतात, हे यजमानांना ठाऊक आहे का? आधी हा शब्द तुम्हाला थांबवून विचारील, पण घरातली कामं काही तो वाटून देणार नाही. ती समोरासमोर बसूनच वाटावी लागतील. एका शब्दाने काय होणार, असं त्यांनी विचारलं ना? त्यांना हे पत्र वाचायला द्या, आणि मग दोघं मिळून एका आठवड्याची कामं कागदावर मांडा, कोणतं कोण करतं त्यासकट. तुमच्या राहून गेलेल्यांतली निम्मी तरी त्या कागदावर दिसतील. त्यांनाही एखादा शब्द सापडेल, कुणी सांगावं.

जुनं पान फाडू नका. नऊच्या नऊ ओळी तशाच राहू देत, त्यांच्यावर काट मारायची गरज नाही. मार्चअखेर मला पुन्हा लिहा, शब्द टिकला की बदलला ते कळवा. बदलला असेल तर नवा कोणता ते जरूर सांगा.

आणि ती 'बरी आहेस ना?' विचारणारी बहीण. तिच्या मेसेजला तुम्ही उत्तर दिलंत की नाही, हे पत्रात नाही. कालच्या दिवसाचा अभ्यास रात्री करता येईल, यजमानांशी उद्या बोलता येईल. आधी तिला फोन लावा.